रानूचा डबा नेटले जोडला तेव्हाचं

रानू गेल्यावर घरातला आवाज कमी झाला असं नाही. मोहाडीतला आमचा कोष्टीपुरा, तिथं उजाडलं का घराघरातून माग सुरू होत. आमच्या घरात एकच माग, खड्ड्यातला. रानूचे आबाजी, म्हंजे आमचे हे, खड्ड्यात पाय सोडून बसत, धोटा इकडून तिकडे पळे, फनी ठोकल्या जाये, आन त्या खटखटीत दिवस निंघून जाये. मी बाजूले चरख्यावर कोशाच्या रेशमाच्या कांड्या भरत बसो. हा आवाज मी चौदा वर्षाची होती तेव्हापासून आयकत आली, आता तो मले आयकूच येत नसे. पन त्याच्या आतून एक दुसरा आवाज ये, आतल्या खोलीतून, टुइं-टुइं, टक-टक, आन मधीच पोट्टीचं हासनं. तो गेला. बाहेरच्याले काही कमी झालं असं वाटलं नसंन. मलेच मधी चरखा थांबवून आयकाची सवय लागली. थांबवो, आयको, काही नसे, मंग पुन्हा फिरवो.

रानू माझ्या वंदीची पोट्टी. वंदी आमची एकुलती एक. तिले कावीळ झाली, आमी आधी झाडपाला केला, मंग भंडाऱ्याले दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. याच्यावर जास्त लिवाचं नाही. रानू तेव्हा चार वर्षाची. जावई पुन्याले कंपनीत, कधी दिवसाची पाळी कधी रातची, लेकराले पाहाले कोनी नाही. तेरवी झाली आन ते रानूले आमच्याकडे ठेवून गेले. मानूस वाईट नव्हता. दर दिवाळीले ये, मान खाली घालून जेवे, आन पोट्टीसाठी काहीतरी मोठं घेऊन ये. एका दिवाळीले त्यायनं गेमचा डबा आनला. काळा, शाळेच्या पाटीएवढा, टीव्हीले लावाचा. संग हातात धराचे दोन रिमोट, आन कानाले लावाचा एक पट्टा, त्याले बोलाचा दांडा. आबाजीनं तो डबा उलटापालटा करून पाह्यला आन इचारलं, याच्यातून निंघते काय? रानू म्हनली, काही निंघत नाही आबाजी, आपनच त्याच्यात जातो.

संध्याकाळी भात रांधला आन लाखोरीची डाळ चुलीवर ठेवली का मी आतल्या खोलीत जाऊन बसो. रानू मले एक रिमोट दे. तो ठोकळ्यायचा खेळ होता. मातीचे ठोकळे, दगडाचे, लाकडाचे, ते रचून घर बांधाचं, वावर कराचं, तळं खोदाचं. माझा बाहुला निळ्या सदऱ्याचा, तिचा लाल. सुरुवातीले माझा बाहुला तळ्यात पडे आन त्याले वर येता येत नसे. आजी डुबली, आजी डुबली, म्हनून पोट्टी हासून हासून लोळे. पन माझी बोटं बारीक धाग्याची, महिनाभरात मी पळता पळता मांगं वळून भी पाहाले लागली. आमी दोघींनी तळ्याच्या पाळीवर एक घर बांधलं. त्याच्यात माग पाहिजेच असा तिचा हट्ट. त्या खेळात माग कुठला, मंग लाकडाच्या ठोकळ्यायचाच एक रचला. इकडे डाळ करपे. आबाजी मागावरून आवाज देत, वंदीची माय, तुझा बाहुला जेवू घालनार आहे का आज आमाले? लेक जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते मले वंदीची मायच म्हनत, शेवटपर्यंत.

रानूची पाचवी झाली आन जावयानं दुसरं लग्न केलं. आमाले इचारून केलं, आमीच हव म्हनलं. सीमा तिचं नाव, शिकलेली, शांत. उन्हाळ्यात दोघं आले आन रानूले घेऊन गेले. बापाजवळ राहीन, चांगल्या शाळेत जाईन, हे मले समजत होतं. रानूनं तिचा डबा इथंच ठेवला, तिकडे तिले नवा घेऊन देनार होते. जाताना ती रडली नाही. मी भी रडली नाही. गाडी गेल्यावर मी चरख्यावर बसली. त्या दिवशीच्या सगळ्या कांड्या आबाजीनं दुसऱ्या दिवशी मले न सांगता उकलून पुन्हा भरल्या.

मंग दर इतवारी फोन. ती पयले हासे, शाळेतलं सांगे, आन बोलता बोलता चूप होये. मी इकडून हालो हालो म्हनत राहो. दोनेक महिने असंच चाललं. मंग एका दिवशी सीमाचा फोन आला, रानू घरी नसताना. ती म्हनली, "आई, राग मानू नका. तुमचा फोन झाला की ती दोन-दोन दिवस नीट जेवत नाही. ताट सारून उठते. थोडे महिने फोन नको करूया. तिला इथं रुळू द्या."

मी म्हनली, बरं. आनखी काय म्हनाचं होतं? ती खोटं बोलत नव्हती, बोलता बोलता तिचाच आवाज थकला होता. माझ्या आवाजानं लेकरू उपाशी राहते म्हनल्यावर फोन करनारी मी कोन. एक शेवटचा फोन मातर तिनं करू देला. त्यात रानू घाईघाईनं, बारीक आवाजात सांगाले लागली. आजी, आपला डबा नेटले जोड, तार नाही लागत, हवेतूनच होते. बाबानं आपली दोघींची नावं त्यात टाकून ठेवली आहेत. मले नवमी आन दसरा अशी दोन दिवस सुट्टी आहे, तेवढेच दिवस खेळू देतात, मंग परीक्षा. मी तुले खेळातून बोलावनं पाठवतो, बोलावनं आलं का हिरवं बटन दाब. अन् पट्टा कानाले लाव. एवढं बोलली आन फोन ठेवला.

फोन कराचा नाही असं मी कबूल केलं होतं. खेळाचं कोनी काही म्हनलं नव्हतं. ही चलाखी होती, मले माहीत होतं, मी काही लहान नव्हती. आन भेवही होतं. मले आयकून पोट्टी पुन्हा ताट सारून उठली तं? तं मंग खेळ भी बंद, आन बंद करनारी मीच. चार दिवस मी कोनाले काही बोलली नाही.

माझं माहेर चिखला. बाप मँगनीजच्या खानीत कामाले. लग्न होऊन मोहाडीत आली तेव्हा सासूच्या हाताखाली दिवसाले चाळीस कांड्या, धा घागरी पानी, आन उरलं तं जेवन. मायनं लेकीच्या घरी सारखं येनं तेव्हा बरं दिसत नसे. माझी माय खानीच्या ट्रकात मालाच्या ढिगावर बसून तुमसरपर्यंत ये, तिथून दुसऱ्या गाडीनं मोहाडीच्या आठवडी बाजारात. मी सासूच्या मांगं पिशवी धरून चालो. माय मिरचीवालीच्या बाजूले उभी राहून पाहे. केस, लुगडं, सगळं त्या मँगनीजच्या धुळीनं काळं. जवळ येत नसे. मी नजर उचलो, पाहो, खाली घालो. एवढंच. मंग ती वापस जाये, तिचा सारा दिवस त्याच्यात जाये. तेव्हा मले तिचा राग ये, येते तं बोलत काहून नाही. आता मीच म्हातारी झाली, तं मले ती मिरचीवालीच्या बाजूची जागा सारखी आठवे. तेवढीच जागा मले पाहिजे होती. जास्त नाही.

टीव्हीची केबल आमच्याकडे होतीच. तोच केबलवाला घरोघरी नेटचा डबा लावून देत होता, त्याले बोलावलं. नेट कोनाले पाहिजे, त्यानं इचारलं. मी म्हनली, मले. मावशी, मोबाइलवर सिनेमे पाहता का काय? नाही, गेम खेळाचा आहे. तो आबाजीकडे पाहाले लागला. आबाजीनं मागावरून मान भी वर केली नाही. म्हनले, "खेळते ते. पयले डुबत होती, आता नाही डुबत."

अडचन आमच्या घराची होती. तार रस्त्यावरून येनार, नेटचा डबा ओसरीत बसनार, आन टीव्ही पार आतल्या खोलीत. मधात मागाची खोली. केबलवाला म्हने, तार मागाच्या वरून आढ्याले बांधून नेतो, एकदम पक्कं काम. तेव्हा आबाजी मागावरून उठले. आमच्या घरात तान्यावरून, म्हंजे मागावर तानलेल्या धाग्यायवरून, काही ओलांडत नाही. लेकरू नाही, कपडा नाही, हातातला चहाचा कप भी नाही. वळसा घालून जाचं. आन तार तं जन्मभर तिथंच लटकनार. हे नाही चालनार, एवढं बोलून ते पुन्हा खड्ड्यात बसले. म्हनून मंग रानूनं सांगतलं तसं हवेतूनच जोडाचं ठरलं. केबलवाल्यानं ओसरीत डबा लावला, आपला मोबाइल घेऊन आतपर्यंत चालून पाह्यलं, आन म्हनला, मावशी, तुमच्या भिंती हात-हातभर मातीच्या, त्याच्यातून हे जाऊन जाऊन किती जाईन. अन् हे गेमचं डबडं मले समजत नाही. नेटच्या डब्याच्या बुडाले पासवर्ड लिवला आहे, तो टाका. आन फटफटीवर बसून गेला.

पासवर्ड इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंतची, ते भी मधात सुटत सुटत. पन साडीच्या काठाची नक्षी मी चौकटीच्या कागदावरून पाहून मागावर उतरवली आहे. ते वाचता नाही लागत, मोजता लागते. तसाच मी तो पासवर्ड चौकटीच्या कागदावर उतरवला, एक एक अक्षर मोठं करून, कोनतं उभं, कोनतं पोटाचं, कोनतं शेपटीचं. टीव्हीवर कुठं जाचं ते रानूच्या बाजूले बसून बसून पाठ झालं होतं. तिथं आजूबाजूच्या घरायच्या नेटची यादी आली. आपलं नाव डब्यावरच्या नावाशी जुळवलं, आन रिमोटनं एक एक अक्षर हुडकून दाबत गेली. धा अक्षरायले माझी दुपार गेली. चुकलं. पुन्हा पयलेपासून. चौथ्या खेपेले ती गोल फिरनारी निशानी थांबली आन बरोबरची खून आली. मी आबाजीले आवाज नाही देला. थोडा वेळ एकटीच त्या खुनेकडे पाहत बसली.

पन तेवढ्यानं भागलं नाही. जुळे आन तुटे, जुळे आन तुटे. जिथंपर्यंत तार पुरे तिथंपर्यंत मी तो नेटचा डबा लेकरासारखा हातावर घेऊन घरभर हिंडली. शेवटी मागाच्या खोलीच्या दारालगत भिंतीत कोनाडा आहे, त्याच्यात ठेवला का आत टीव्हीवर दोन रेघा येत. त्या भी, खोलीत ओलं सूत वाळत असलं का जात. हे समजाले मले चार दिवस लागले. ओल्या धाग्यायतून ते जात नसंन, काय माहीत. मी हे जेवताना आबाजीजवळ सहज बोलली. दुसऱ्या दिवशी सगळं सूत आंगनात वाळत टाकलेलं दिसलं.

आता माझी चूक सांगतो. ही वही रानूनंच आनून देली आहे, ती आता नर्सचं शिकते, म्हनते आजी सगळं लिव, म्हनून हे भी लिवाचंच.

खांडे नवमीले आमच्या घरी हत्यारं बसतात. माग थांबे. धोटा, फनी, चरखा, विळा, आबाजीची सायकल, घरातला मिक्सर, सगळं धुवून पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल ठेवून देवापुढे. दसऱ्याचं सोनं वाटून होत नाही तोवर कोन्याच हत्याराले हात लावाचा नाही. वंदी गेली त्या वर्षी भी हे चुकलं नाही. आन नवा माग असला तं पयले पूजा, मंगच चालवाचा, नाही तं तो धागे तोडते असं सासू सांगे. तं नवमीच्या सकाळी मी माझ्याच हातानं नेटचा डबा काढला, गेमचा डबा काढला, फडक्यानं पुसले, ओल्या बोटानं दोघायलेही भरभरून कुंकू लावलं आन धोट्याच्या बाजूले ठेवले.

रानूनं दोन दिवस सांगतले होते, हे मले पाठ होतं. पन नवमीचा दिवस मी मोजलाच नाही. माझ्या डोक्यात हेच, का नवमीले कोन्या घरात हत्यार चालते? तिकडे भी बसवले असतीन, तिचा डबा भी देवापुढेच असंन. जन्मभर मी नवमीले थांबलेलीच घरं पाह्यली होती. दुसऱ्या तऱ्हेचं घर असते, हे मनातच आलं नाही. त्या दिवशी मी खुशीत होती. सिंगाडे उकडले, आंगन दोनदा सारवलं. उद्या संध्याकाळी बोलाचं आहे म्हनून काय काय बोलाचं ते मनात लावून ठेवत होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देनारे-घेनारे येऊन गेले, आन मी दोन्ही डबे जागेवर नेले. गेमचा लागला. नेटचा लागला नाही, एकही दिवा नाही. मी लावलेलं कुंकू वाळून पिन खुपसाच्या भोकात बसलं होतं. आबाजीनं फनी साफ कराचा बारीक कुंचा घेतला, डबा मांडीवर घेतला आन एक एक भोक झाडाले बसले. कामात असले का ते घाई करत नसत. मी बाजूले उभी. "वंदीची माय," ते म्हनले, "तू उभी राह्यल्यानं हे लवकर नाही होनार." मंग पिन लावली. दिवा पयले लाल लागला, मंग हिरवा.

टीव्हीवर बोलावन्यायची यादी आली. सगळ्यायवर एकच नाव. मी बोटानं मोजली. सात होती. तारीख मले वाचता ये. पाच नवमीची, दोन आज सकाळची. हिरवं बटन दाबून पाह्यलं, एकही उघडलं नाही, त्यायची वेळ निंघून गेली होती. माझी पोट्टी दोन दिवस दार वाजवत होती, आन मी ते दार धुवून पुसून, कुंकू लावून बंद करून ठेवलं होतं. मी कानाले पट्टा लावून खाली बसली. आठवं येईन का नाही, हे कोनाले इचाराचं? फोन कराचा नाही असा शब्द देला होता. उद्यापासून तिचा डबा परीक्षा होईपर्यंत बंद. आबाजी एकदा येऊन पाहून गेले.

जेवनाच्या वेळेच्या थोडं आधी टुइं झालं. मी बटन दाबलं. समोर आमचं तळं नव्हतं. दुसरंच मैदान, उंच उंच इमारती, तिच्या तिकडच्या मैत्रिनींनी बांधलेल्या असतीन. आन मधात लाल सदऱ्याचा बाहुला.

"आजी?"

इतक्या जवळून तिचा आवाज फोनमधून कधी आला नव्हता. जसं काही कानातच बसली आहे.

"काल कुठं होतीस तू? मी सकाळपासून बोलावत होते."

"काल नवमी होती, बाई. डबे देवापुढे होते."

मले वाटलं रडते. मंग म्हनली, "तू राऊटरची पूजा केलीस?" मी म्हनली, हव, कुंकू आत गेलं, आबाजीनं झाडलं तेव्हा लागला. तं ती हासली. ते लोळून लोळून हासनं. मी डोळे मिटून घेतले. मंग ती सांगत गेली, पोहाले शिकली, वर्गात कोनती पोट्टी तिच्या बाजूले बसते, या इमारतीत लिफ्ट कशी केली. आता ती मले म्हनत नव्हती, मला म्हनत होती. मनात लावून ठेवलेलं मी एकही बोलली नाही.

तेवढ्यात तिच्या मांगून बाईमानसाचा आवाज आला. "रानू, कोणाशी बोलतेस?"

माझं बोट रिमोटवरच थांबलं.

"आजी आहे," रानू म्हनली. लपवलं नाही तिनं.

मी वाट पाहत होती, आता पट्टा काढून घेतीन, आता बंद होईन. मंग सीमा म्हनली, "बरं. आधी जेवून घे. आजी थांबतील."

"आजी, थांब हं, जेवून येते," म्हनून रानूनं पट्टा तिथंच ठेवला आन गेली. बोलाचा दांडा सुरूच राह्यला. तिचा लाल बाहुला मैदानात एकटाच उभा होता. मी माझा निळा त्याच्या बाजूले नेऊन उभा केला.

कानात त्यायचं घर येत होतं. खुर्च्या सरकल्या. कुकरचं झाकन निंघालं. ताटं मांडल्याचा आवाज, जावई दाराजवळून काहीतरी बोलले. मी पट्टा कानावर दाबून आयकत होती. याच्यासाठीच तं फोन बंद झाला होता. आता ती ताट सारून उठीन, आन ते सारल्याचा आवाज मले माझ्या कानानं आयकाले मिळन. मंग रानू बोलली, "आई, अजून एक वाढ ना."

आई. वंदी गेल्यापासून तो शब्द मी तिच्या तोंडून आयकला नव्हता. माझ्या छातीत कुठंतरी दुखलं. ते दुखनं चांगलं होतं का वाईट, हे मले आजही लिवता येत नाही.

आबाजी दारात येऊन उभे राह्यले. मागाच्या आवाजानं त्यायले कमी आयकू ये, तो पट्टा त्यायच्या कामाचा नव्हता.

"आहे का?"

"जेवून राह्यली."

ते माझ्या बाजूले खाली बसले आन टीव्हीकडे पाहाले लागले, जसं ते जेवन तिथं दिसतच होतं.

"काय वाढलं?"

"पोळी घेतली. दोनदा."

"आन भात?"

मी कान देला. चमचा ताटाले लागून राह्यला होता. सीमा इचारत होती, वरण घालू का त्यावर. रानूनं भरल्या तोंडानं हं म्हनलं.

"भात भी घेतला," मी सांगतलं.

"मंग जेवू दे," आबाजी म्हनले. "तू मधात बोलू नको."

मी नाही बोलली. माझ्याकडचा बोलाचा दांडा वर करून ठेवला, म्हंजे इकडचा आवाज तिकडे जात नाही, आन तिचं जेवन होईपर्यंत आमी दोघं तिथंच बसून राह्यलो.